मुका मारावर लेप आणि मलमं: आधी वेळ पाहा, मग वनस्पती

मुका मार लागला की आपल्याकडे दोन गोष्टी लगेच होतात. कुणीतरी ती जागा चोळायला घेतं आणि कुणीतरी पळीत हळद-तेल गरम करायला ठेवतं. दोन्हींमागे मायाच असते. पण पहिल्या दोन दिवसांत नेमक्या याच दोन गोष्टींनी दुखणं वाढतं. त्यामुळे कोणती वनस्पती चांगली, आंबेहळद की निर्गुंडी, लेप की ट्यूबमधलं मलम, हा प्रश्न माझ्या मते दुसरा आहे. मार लागून किती तास झाले, हा पहिला.

हे पटायचं तर कातडीखाली काय चाललंय ते समजून घ्यावं लागेल.

काळं-निळं ते पिवळं

जोराचा मार बसतो तेव्हा कातडी शाबूत राहते, पण तिच्याखालच्या केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या फुटतात. रक्ताला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ते आजूबाजूच्या मांसात झिरपतं. काही मिनिटांत रक्तातल्या प्लेटलेट त्या फटींवर गोळा होतात आणि गुठळी धरायला लागते. ही गुठळी सुरुवातीचे काही तास कच्ची असते. त्याच वेळी दुखावलेल्या पेशी हिस्टामिन, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातलं पाणी बाहेर येतं. हीच सूज. या पाण्याबरोबर साफसफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशीही तिथे पोचतात, म्हणजे सूज हा दुरुस्तीचाच भाग आहे. ती साधारण पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि मग ओसरते.

रंगांचं गणित तर फार सुंदर आहे. सांडलेलं रक्त आधी लाल दिसतं. त्यातला प्राणवायू गेला की जागा निळी-जांभळी, काळपट होते. मग पांढऱ्या पेशी तांबड्या पेशींना गिळतात आणि हिमोग्लोबिनचे तुकडे करतात. त्यातून आधी बिलिव्हर्डिन नावाचं हिरवं द्रव्य तयार होतं आणि त्याचं पुढे पिवळं बिलिरुबिन होतं. काविळीत डोळे पिवळे होतात ते याच बिलिरुबिनमुळे. उरलेलं लोह काही दिवस तपकिरी डाग म्हणून राहतं. हे सगळं व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, चेहऱ्यावर जरा कमी आणि पायावर जास्त. डाग हिरवा-पिवळा दिसू लागला म्हणजे काही बिघडलंय असं समजून लोक घाबरतात. प्रत्यक्षात ती बरं होण्याची खूण असते.

आणखी एका गोष्टीने घरचे हमखास धास्तावतात. कपाळाला टेंगूळ आलं आणि दुसऱ्या दिवशी डोळ्याभोवती काळं झालं, किंवा घोटा मुरगळला आणि तिसऱ्या दिवशी बोटांच्या मुळाशी निळं दिसलं, तर बऱ्याचदा ते वरचंच रक्त वजनाने खाली उतरलेलं असतं. मात्र डोक्याला मोठा मार बसला असेल आणि दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळं झालं असेल, तर ती कवटीला तडा गेल्याचीही खूण असू शकते. तिथे थांबायचं नाही, सरळ रुग्णालयात जायचं.

आता चोळण्याकडे येऊ. गुठळी कच्ची असताना चोळलं की ती सुटते आणि बंद झालेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. मांडीसारख्या मोठ्या स्नायूत हे जास्त धोक्याचं. कबड्डी किंवा फुटबॉल खेळताना मांडीवर गुडघा बसलेल्या मुलांची जोरदार मालिश केली, तर स्नायूत साठलेल्या रक्ताच्या जागी पुढे चक्क हाड तयार होऊ शकतं. डॉक्टर त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात आणि ते कित्येक महिने त्रास देतं. शेकण्याचंही तसंच. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, ताज्या मारावर त्या आणखी गळतात आणि सूज वाढते.

म्हणून पहिले 48 तास थंडावा आणि आराम. बर्फ सरळ कातडीवर घासायचा नाही, पातळ कापडात गुंडाळून 10 ते 15 मिनिटं ठेवायचा आणि दिवसातून काही वेळा हे करायचं. आराम, बर्फ, दाबपट्टी आणि उंचावर ठेवणं हे सूत्र अमेरिकेतल्या गेब मर्किन या डॉक्टरांनी 1978 साली लोकप्रिय केलं. पुढे त्यांनीच बर्फाबद्दलचं आपलं मत बरंच सौम्य केलं. बर्फाने दुखणं कमी होतं, पण त्याने जखम लवकर भरते असं म्हणायला भक्कम पुरावा नाही. म्हणून तासन्‌तास बर्फ धरून बसू नका. हात-पाय उशीवर, छातीच्या पातळीहून वर ठेवणं मात्र आवर्जून करा. फुकटातला हा उपाय सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे.

दोन दिवसांनी सूज वाढायची थांबली की मग कोमट शेक, गरम लेप, निर्गुंडीचं तेल यांची पाळी येते. हलकी हालचालही तेव्हाच सुरू करायची.

सुश्रुताने काय सांगितलं

गरम लेप ही आपली परंपरा आहे, असं म्हणणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अठरावा अध्याय पाहावा. त्यात लेपाचे तीन प्रकार वेगळे सांगितले आहेत. प्रलेप थंड आणि पातळ. प्रदेह जाड, गरज पाहून गरम किंवा थंड. तिसरा आलेप या दोन्हींच्या मधला. लेप केसांच्या उलट दिशेने लावावा, वाळला की अंगावर ठेवू नये, रात्री लावू नये असंही तिथे आहे. कोणत्या दोषाच्या सुजेला लेपात किती तेल-तूप घालायचं याची प्रमाणंही वेगवेगळी दिली आहेत. सरसकट सगळ्या सुजेवर गरमागरम थापा, असं त्या ग्रंथात नाही.

वाळलेल्या लेपाची सूचना मला विशेष महत्त्वाची वाटते. ओला लेप गार वाटतो कारण त्यातलं पाणी उडताना कातडीची उष्णता घेऊन जातं. तो वाळला की हा फायदा संपतो आणि कातडी नुसती ताणली जाते. रात्रभर लेप बांधून झोपल्यावर सकाळी खाज आणि पुरळ का येतं, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

हळद, आंबेहळद आणि कातडीची भिंत

मुका मारासाठी आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे आंबेहळद, काळा बोळ, रक्तचंदन सहाणेवर उगाळून लेप द्यायचा. काही घरांत तुरटी घालतात, काही ठिकाणी नुसती हळद आणि मीठ. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत सूज आणणाऱ्या रसायनांना अडवतं, याबद्दल शंका नाही. पण काचेच्या बशीतल्या पेशींवर जे घडतं ते घोट्यावर घडेलच असं नाही, कारण मध्ये कातडी आहे.

कातडीचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर कागदाहूनही पातळ असतो, तरी तो विलक्षण चिवट आहे. बाहेरचं आत येऊ न देणं हेच त्याचं काम. ढोबळ नियम असा की 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणू त्यातून सहसा जात नाही. कर्क्युमिनचं वजन साधारण 368 डाल्टन, म्हणजे वजनात ते बसतं. अडचण अशी की ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पाण्यात कालवलेल्या हळदीतून फारच थोडं आत जातं, तेला-तुपात कालवली तर थोडं अधिक. त्यामुळे नुसत्या हळदीच्या लेपाने मुका मार किती लवकर बरा होतो, याचा माणसांवरचा पुरावा तोकडाच आहे. तरीही मी लेपाला टाकाऊ म्हणणार नाही. ओला, थंड लेप दुखऱ्या जागेला गारवा देतो, आणि पायाला लेप लावलेला माणूस अर्धा तास पाय वर करून बसतो. हा आराम खरा आहे.

हळद-चुन्याबद्दल मात्र सावध राहा. चुना लागला की हळद लालभडक होते, आणि लोक म्हणतात की लेपाने मार ओढून घेतला. तो लाल रंग निव्वळ रसायनशास्त्राचा आहे. कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, कातडीवर असो वा ताटलीत. चुना तीव्र अल्कली असल्याने जास्त वेळ ठेवला तर कातडी भाजते, लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची तर फार पटकन.

निर्गुंडीच्या पानांचा शेक आणि तेल महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिचा सूज कमी करणारा गुण दिसला आहे आणि जुन्या, आखडलेल्या दुखण्याला तिच्या कोमट तेलाचा हलका हात बरा वाटतो. ताज्या मारावर शेक नको, हे पुन्हा सांगतो. कोरफडीचा गर भाजल्यावर, खरचटल्यावर उपयोगी. मुका मारावर त्याचं फार काही चालत नाही.

अर्निकाची गोष्ट

दुकानात मुका मारासाठी काही मागितलं की बहुतेक वेळा अर्निका पुढे येतं. अर्निका मोंटाना ही युरोपातल्या डोंगराळ कुरणांत उगवणारी पिवळ्या फुलांची वनस्पती. तिच्यात हेलेनॅलिन नावाचं सूज कमी करणारं द्रव्य असतं. हातांच्या संधिवातावर अर्निकाचं जेल आणि आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाचं जेल यांची तुलना 2007 साली प्रसिद्ध झाली, त्यात दोन्हींचा परिणाम सारखा दिसला. मुका माराच्या काळ्या-निळ्या डागांवरचे निष्कर्ष मात्र उलटसुलट आहेत, कुठे थोडा फायदा, कुठे काहीच नाही.

अर्निकाच्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. जेल किंवा मलमात वनस्पतीचा अर्क मोजता येईल इतका असतो. होमिओपॅथीच्या 30 किंवा 200 पोटन्सीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांमध्ये मूळ द्रव्य इतकं पातळ केलेलं असतं की त्याचा एकही रेणू उरण्याची शक्यता नसते. त्या गोळ्यांनी अपाय होणार नाही, पण त्यांच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नये. उलट अर्काचं मलम पोटात गेलं तर विषारी ठरतं आणि जखमेवर लावायचं नसतं.

आपल्याकडच्या माणसांसाठी अर्निकाचा एक खास धोका आहे. तो गाजरगवताशी जोडलेला आहे. 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलेलं हे काँग्रेस गवत आज राज्यभर पसरलंय, आणि त्याच्या ॲलर्जीने चेहरा, मान, हात खाजून जाड झालेले शेतकरी प्रत्येक त्वचारोग तज्ज्ञाने पाहिलेले असतात. गाजरगवत, शेवंती, झेंडू आणि अर्निका एकाच कुळातले. ॲलर्जी आणणारी द्रव्यंही त्यांच्यात एकाच जातीची असतात. ज्याला गाजरगवत बाधतं, त्याने अर्निका न लावणंच बरं.

विदेशी मलमांत कॉम्फ्रे नावाची आणखी एक वनस्पती आढळते. मुरगळलेल्या घोट्यावर तिच्या मलमाचे जर्मनीत चांगले अभ्यास झाले आहेत, आणि वनस्पतींमध्ये तिचा पुरावा त्यातल्या त्यात जोरकस आहे. पण तिच्यातले काही अल्कलॉइड यकृताला घातक असल्याने ती पोटात घ्यायची नाही, फुटलेल्या कातडीला लावायची नाही.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. ताज्या मुरगळीवर आणि मुका मारावर डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक जेलचा पुरावा या सगळ्या वनस्पतींपेक्षा भक्कम आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या दोन मोठ्या संघटनांनी 2020 साली अशा दुखापतींवर पहिला उपाय म्हणून वरून लावायचं वेदनाशामक जेलच सुचवलं. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी दमा उसळणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

बामचा गारवा, कापराचा वास

पुदिन्याचं सत्व, कापूर, निलगिरी, गंधपुरा तेल ही बामची नेहमीची मंडळी. बाम लावला की गार वाटतं, मग गरम वाटतं, आणि दुखणं मागे पडतं. पण त्या जागेचं तापमान फारसं बदललेलं नसतं. पुदिन्याचं सत्व थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं आणि मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्यांना. शरीर उष्णता कशी ओळखतं आणि स्पर्श कसा ओळखतं, याचा उलगडा करणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. ज्युलियस यांनी त्यासाठी मिरचीतलं कॅप्सेसिनच हाताशी धरलं होतं. तेव्हा बामने दुखणं कमी झालं हे खरं, पण सूज उतरली असं त्यावरून धरू नका. बाम लावून त्यावर गरम पिशवी ठेवली तर भाजतं.

गंधपुरा तेल जवळजवळ सगळंच मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनचं भावंड. एक छोटा चमचा तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात. बामच्या डब्या आणि तेलाच्या बाटल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशाच ठेवा. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी असे बाम रोज, मोठ्या भागावर चोळले तर रक्त आणखी पातळ होतं.

जे लावूच नये

बिब्बा. तो गावाकडे अजूनही सुजेवर, दुखऱ्या सांध्यावर लावतात. त्याच्या तेलाने फोड येतात, कातडी जळते आणि काळे डाग वर्षानुवर्षं राहतात. वैद्य बिब्बा शुद्ध करून देतात तो वेगळा. ठेचलेला कच्चा लसूण बांधून ठेवला तर तोही भाजतो. रुईचं पान तेल लावून, कोमट करून बांधायची चाल आहे. पान बांधाल तेव्हा हात धुवा, कारण तिचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळ पांढुरकं होऊन दिसणं कमी होतं. सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून लोक उशीर करतात. साबरशिंग उगाळून लावायचं असेल तर हे लक्षात घ्या की ते शेवटी हाडच आहे, आणि सांबर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे.

मलम विकत घेताना डबीवरची बारीक अक्षरं वाचा. आयुर्वेदिक औषधावर घटकांची यादी, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि बनवल्याची तारीख असायला हवी. हिरवी पानं छापलेल्या पुष्कळ जेलमध्ये जवसाच्या तेलाबरोबर डायक्लोफिनॅकही असतं. ते वाईट नाही, पण आपण काय लावतोय ते ठाऊक हवं. यात्रेत किंवा रस्त्यावर मिळणारं बिनलेबलचं मलम दोन दिवसांत जादू दाखवत असेल तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता धरा.

नवीन मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस वाट पाहा. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. नुसतं पसरवायचं, दाबून जिरवायचं नाही. कातडी फुटलेली असेल तर काहीच लावायचं नाही, साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ पट्टी बांधायची.

मलम बाजूला ठेवायची वेळ

घोटा मुरगळल्यावर एक्स-रे लागेल का, हे ठरवायला 1992 साली कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी सोपे नियम दिले आणि ते आजही जगभर वापरतात. मार लागल्यावर लगेच आणि नंतरही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच हाडांची मागची कडा, करंगळीच्या बाजूला पावलाच्या मधोमध असलेला उंचवटा किंवा त्याच्यासमोर पावलाच्या आतल्या बाजूचं हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढा. लेप लावून आठवडा घालवलेले मोडलेले पाय पुढे वाकडे जुळतात.

पोटरी किंवा हात दगडासारखा कडक झाला, दुखणं माराच्या मानाने फारच जास्त आहे, बोटं हलवताना कळ येते, मुंग्या येतात, तर पट्टी लगेच सोडा आणि तासाभराच्या आत रुग्णालयात पोचा. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढला की रक्तपुरवठा तुटतो, आणि काही तासांत स्नायू मरतो.

शेतात, गोठ्यात किंवा काळोखात काही चावल्यासारखं झालं आणि पाय सुजायला लागला, तर त्यावर कुठलाही पाला वाटून लावू नका. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने सूज येते आणि रक्त गोठायचं थांबतं. कापू नका, आवळून बांधू नका, पाय हलू देऊ नका. 108 ला फोन करा.

मार न लागताच काळे-निळे डाग उठत असतील तर ते मलमाचं काम नाही. पावसाळ्यात तापाबरोबर असे डाग म्हणजे डेंग्यूत प्लेटलेट घसरल्याची शंका. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असलेल्या माणसाला डोक्यावर साधा मार बसला तरी दाखवायला हवं. जे बाळ अजून रांगतही नाही, त्याच्या अंगावर काळं-निळं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मार न लागता एकच पोटरी सुजून दुखू लागली तर शिरेत गुठळी असू शकते, तिथे चोळणं अतिशय धोक्याचं. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी शेक घेऊच नये, चटका बसलेला कळत नाही.

डॉक्टरांकडे निघताना लेप पूर्ण धुऊन टाका. हळदीच्या पिवळ्या थराखाली लाली आणि निळेपणा त्यांना दिसत नाही. कोणतं मलम लावलं त्याची ट्यूब किंवा डबी बरोबर न्या, आणि मार किती वाजता लागला, सूज किती वेळाने आली, हे कागदावर लिहून ठेवा.